साळवेबाई आणि हाडासुर

राक्षस तयार करणं हा माझा पोटाचा धंदा आहे. पुण्यात एका कंपनीत बसून मी मोबाईलच्या गेमसाठी राक्षस बनवतो. त्यांना शिंगं लावतो, सुळे बसवतो, त्यांच्या जन्माच्या कहाण्या रचतो, आणि शेवटी त्यांना कुठं मारलं की मरतात तेही ठरवतो. आमची आई दौंडच्या पाहुण्यांना एवढंच सांगते, "त्यो कंप्युटरमधी हाय." राक्षसाचं नाव काढलं तर मुलगी कोण देईल, असा तिचा सरळ विचार. कुणी दिली नाही, पण त्यात राक्षसांचा दोष नव्हता.

या धंद्यात मला नकळत ढकललं ते साळवेबाईंनी. दौंडजवळच्या आमच्या केडगावात त्या आम्हाला जीवशास्त्र शिकवायच्या. ठेंगण्या, सावळ्या, पांढऱ्या साडीवर कायम राखाडी स्वेटर, आणि हातात बाराही महिने काळी छत्री. पावसात ती क्वचितच उघडायच्या. छत्रीनं त्या फळ्यावरचं दाखवायच्या, झुडपं बाजूला सारायच्या आणि जग मोजायच्या. घोरपड किती मोठी होती? "दीड छत्री." मुख्याध्यापक किती उंच? "दोन छत्र्या, त्यातली एक रिकामी."

प्रत्येक मुलाला त्यांनी एक जनावर वाटून दिलं होतं. मला मिळालं खवले मांजर. त्याचं असं झालं की बेडकाचा धडा चालू असताना मी वहीच्या मागं एक राक्षस काढत होतो. बारा पाय, सहा डोळे, तोंडातून जाळ. बाई कधी शेजारी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. आता छत्री आपल्या पाठीचं माप घेणार, असं समजून मी डोळे मिटले.

"हे खातं काय?" बाईंनी विचारलं.

"माणसं, बाई."

"रोज?"

"रोज."

"एवढ्या धुडाला रोज चार तरी लागतील. केडगाव किती दिवस पुरंल रे? मग चौफुल्याला जाणार का?" वर्ग खिदळला. बाई अजिबात हसत नव्हत्या. "बरं. पिल्लं कुठं ठेवतं? आणि भितं कुणाला?"

मी हनुवटी छातीला लावली, गुडघे पोटाशी घेतले आणि बाकावरच गोळा झालो.

"बघा," बाई वर्गाला म्हणाल्या, "खवल्या कसा गुंडाळून घेतो बघा. विचारलं की गोल." तेव्हापासून मी खवल्या. अजूनही केडगावात स्टेशनवर उतरलो की एखादा टक्कल पडलेला वर्गबंधू रिक्षातून हाक मारतो, "ए खवल्या!"

हे तीन प्रश्न हा बाईंचा मूळ मंत्र होता. खातं काय, पिल्लं कुठं ठेवतं, भितं कुणाला. "याची उत्तरं नसलेलं जनावर रानात टिकत नाही," त्या म्हणत, "आणि कागदावरसुद्धा टिकत नाही. प्रत्येक राक्षसाच्या पोटात एक गरीब जनावर बसलेलं असतं. आधी त्याला शोधायचं."

ते शोधायला बाई कुठंही जात. यवतजवळच्या डोंगरावर एक जुनं शिवमंदिर आहे, तिथं त्यांनी आमची सहल नेली होती. बाकीचे मास्तर मुलांना दर्शनाच्या रांगेत लावत होते आणि साळवेबाई भिंतीवरच्या एका दगडी श्वापदाच्या पायाची नखं छत्रीच्या टोकानं मोजत होत्या. गुरव जवळ आला.

"बाई, देवाला हात न्हाई जोडलं तुम्ही."

"मी जनावराला भेटायला आलेय हो," बाई म्हणाल्या. "मालकाला कशाला उठवता?"

बाई ख्रिस्ती आहेत हे कळल्यावर गुरव गोंधळला, आणि मग स्वतःच त्यांना आतल्या अंगाला असलेलं आणखी एक श्वापद दाखवायला घेऊन गेला.

देवळाच्या उंबऱ्यावर कोरलेल्या कीर्तिमुखाची, त्या नुसत्या राक्षसी तोंडाची, गोष्ट मी त्यांच्याकडूनच ऐकली. शंकरानं एक राक्षस निर्माण केला, तोच मुळी भुकेला. ज्याला खायचं त्याला देवानं ऐन वेळी माफ केलं. मग हा म्हणाला, मी खाऊ काय? देव म्हणाला, स्वतःलाच खा. त्यानं शेपटीपासून सुरुवात केली आणि गळ्यापर्यंत सगळा संपला. उरलं ते तोंड. देव खूश झाला आणि ते तोंड दारात लावलं. गोष्ट संपवून बाई विचारायच्या, "आता मला सांगा, यात चूक कुणाची? भूक लावून जन्माला घातलं कुणी?"

आम्ही सगळे खवल्यासारखे गोल व्हायचो.

त्यांचा एक लाडका सिद्धांत होता. आपल्याकडच्या जुन्या देवळांतले सिंह हे सिंह नाहीतच, ती तरसं आहेत. "पाथरवटानं सिंह ऐकला होता. बघितलं होतं तरस. नाव ऐकलेलं दिलं, तोंड बघितलेलं दिलं. पाठ बघ ना, मागं उतरत गेलीय." पुण्याच्या कुणा विद्वानाला त्यांनी एका व्याख्यानानंतर गाठून हे सांगितलं. तो गोड हसून म्हणाला, "पुरावा?" बाई म्हणाल्या, "पुरावा नाही. तुम्ही तरस बघितलंय का?" त्यानं नव्हतं बघितलं. "सामना बरोबरीत सुटला," असं आम्हाला सांगताना बाई खुशीत होत्या. पुढं मलाच त्या म्हणाल्या, "चुकतही असेन रे मी. पण चुकायचं तर जनावर बघून चुकावं."

तरसावर एवढा जीव का, हे त्यांनी एकदाच सांगितलं, मी मोठेपणी त्यांच्या घरी गेलो तेव्हा. बाई वाढल्या जुन्या मिशनच्या आवारात. त्यांच्या आजीची आजी तिथं पोरवयात आली होती. लग्नाच्या वर्षातच नवरा तापानं गेला, आणि गाव म्हणालं, पोरीनं नवरा खाल्ला. "खाल्ला!" बाई म्हणाल्या. "दहा-अकरा वर्षांची पोर. तिला धड भाकरी मिळत नव्हती. तिला मिशनमध्ये आणली तेव्हा दारातल्या बाईनं पहिला प्रश्न विचारला, जेवलीस का? आमच्या घरात हीच प्रार्थना आहे. ज्याला गाव राक्षस म्हणतं, त्याला आधी जेवलास का ते विचारायचं."

एवढं बोलून त्या उठल्या आणि गवती चहा ठेवायला गेल्या. टीव्हीवर क्रोशाच्या रुमालावर तरसाची कवटी होती, शेजारी नाताळातली कागदी चांदणी. चांदणी वर्षभर तिथंच असायची. कवटीला एकटं वाटायला नको म्हणून.

मी त्या घरी इतक्या वर्षांनी गेलो होतो ते स्वार्थापोटी. आमच्या साहेबांना अचानक देशी राक्षस हवा होता. "परदेशी ड्रॅगन बास झाले. मातीतला काहीतरी दे." मातीतलं म्हटल्यावर मला केडगाव आठवलं. दोन दिवसांत मी बाईंच्या खुर्चीत बसून लिहून घेत होतो.

बाईंनी सगळं दिलं. हात राखून नाही, ओंजळी भरभरून. तरसाचे पुढचे पाय उंच, मागचे आखूड. मानेपासून शेपटीपर्यंत आयाळ, भ्यालं की ती उभी राहते, म्हणजे आहे त्याहून मोठं दिसावं. जबडा असा की बैलाचं हाड सुपारीसारखं फोडतं. दुसऱ्यांनी मारलेलं, आपोआप मेलेलं, तेच बहुतेक खातं. त्याची विष्ठा हाडांच्या चुऱ्यानं पांढरी शुभ्र असते. "वाळली की खडूच," बाई म्हणाल्या. "मी एकदा फळ्यावर लिहून बघितलंय." शाळेत मला खडू खायची सवय होती. ती आठवण मला त्याच क्षणी का यावी, ते मी सांगत नाही.

"आणि हसतं कधी, बाई?"

"हसतं ते आफ्रिकेतलं. आपलं पट्टेवालं जवळजवळ मुकं आहे बिचारं. फार तर गुरगुरतं, कण्हतं. त्याच्या नावावर हसू खपवू नकोस."

मी 'हसत नाही' असं लिहून खाली रेघ मारली. रेघ मारली हे खरं आहे.

पुढच्या रविवारी त्या मला जनावर दाखवायला घेऊन गेल्या. केडगाव सोडून न्हावऱ्यावरून कारेगावच्या मागच्या माळावर. एका अंगाला रांजणगावच्या कारखान्यांची छपरं, दुसऱ्या अंगाला कुसळी गवत आणि मध्ये एक बंद पडलेली दगडखाण. तिथं कोकरे आबा आमची वाट बघत होते. त्यांचे वडील मेंढरं घेऊन हिंडायचे, आबांनी माळाच्या कडेला विहीर पाडून कांदा धरला. मेंढरं गेली, पण खाणीतल्या तरसाशी घरोबा राहिला. मेलेलं कोंबडं, वासरू आबा अजून खाणीच्या तोंडाशी टाकायचे.

खाणीच्या काठावर आम्ही पोटावर पालथे पडलो. बाईसुद्धा. आणि तिथं त्या दोघांचं भांडण सुरू झालं.

"तरसाचं काय असतंय," आबा मला समजावू लागले, "एक वर्स नर, एक वर्स मादी."

"आबा, कायतरीच!" बाई कुजबुजल्या.

"म्या डोळ्यानं बघितलंय."

"दोन वेगळी तरसं बघितली असतील तुम्ही."

"मला काय तरसं वळखू येत न्हाईत व्हय?"

"अहो, हेच दोन हजार वर्षांपूर्वी परदेशातले मोठे मोठे शहाणे लिहून गेलेत. तुमच्यासारखेच लांबून बघणारे होते."

"मंग? शाणी माणसं खोटं लिवत्यात व्हय?" आबांनी बाजी मारल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात कपारीतून तरसाची मादी बाहेर आली. उतरत्या पाठीची, धुरकट पट्ट्यांची, मोठ्या कानांची. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर माणूस थबकतं तशी ती आपल्याच दारात थबकली. वारा आमच्याकडून तिच्याकडं होता. तिनं नाक वर केलं, अंगावरची आयाळ सर्रकन उभी राहिली, आणि तोंडातून आवाज न काढता ती मागं सरकली.

"भितं कुणाला?" बाईंनी हळूच विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "आपल्याला."

परत येताना त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट मागितली. "काय हवं ते कर खवल्या, पण जागा सांगू नकोस कुणाला."

"छे, बाई!"

राक्षसाचं नाव ठेवलं हाडासुर. तोंड कीर्तिमुखाचं, धड तरसाचं, नखं देवळातल्या श्वापदाची. दिसायला, खरं सांगतो, देखणा झाला होता. मग तो मीटिंगला गेला. आवाजाचं काम बघणारा पोरगा म्हणाला, मुका राक्षस कुणी बघणार नाही, हसला पाहिजे. मी म्हणालो, तरस हसत नाही. एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायच्या आत चहा आला. खातो काय? लहान मुलं, कारण त्यानं खेळणाऱ्याला चेव येतो. पिल्लं? बॉसला कुठं पिल्लं असतात? तो शेवटच्या पायरीवरचा राक्षस. भितो कुणाला? कुणालाच नाही, नाहीतर मारण्यात मजा काय? असे बाईंचे तिन्ही प्रश्न आम्ही एका बैठकीत निकालात काढले, आणि मला त्या महिन्याचा उत्तम कर्मचारी म्हणून एक कुंडी मिळाली. रोप महिन्याभरात मेलं.

हाडासुर गाजला. शिरूरच्या चहाच्या टपऱ्यांवर, कंपन्यांच्या बसमध्ये, कारेगावच्या खोल्यांतून तो हसू लागला. पोरांनी ते हसू फोनच्या रिंगला लावलं. मी शेवटच्या नामावळीत 'विशेष आभार: मार्था साळवे' असं घालून घेतलं होतं, आणि बाईंवर उपकार केल्यासारखं त्यांना कळवलंही होतं. आठवड्यानं त्यांचा फोन आला.

"बघितलं रे नाव."

"आवडलं, बाई?"

"ते शेवटी येतं. तिथं पोचायला त्याला मारावं लागतं. मला जमेना. शेवटी शेजारच्या पोरीकडून मारून घेतलं." मग म्हणाल्या, "हसतं का रे ते?"

"हो, जरासं… लोकांना लागतं, बाई."

"हं."

त्या 'हं'मध्ये माझं दहावीपासूनचं सगळं प्रगतिपुस्तक होतं.

नंतर कंपनीनं मला 'हाडासुर कसा घडला' असा एक छोटा व्हिडिओ करायला सांगितला. मी पुन्हा माळावर गेलो, एकटा. खाणीच्या काठावर उभं राहून गॉगल लावून बोललो. गावाचं नाव घेतलं नाही. तालुक्याचं नाव घेतलं नाही. दिलेला शब्द काटेकोर पाळला. फक्त माझ्या डाव्या खांद्यामागं औद्योगिक वसाहतीतली निळी पाण्याची टाकी दिसत होती. त्या टाकीखालून कारेगावातली शेकडो पोरं रोज कामावर जातात. माझ्या ते लक्षात आलं नाही, कारण मी स्वतःचे केस बघत होतो.

त्याच सुमारास शिरूरकडच्या उसात बिबट्याची फार भीती होती. शेळ्या गेल्या होत्या, माणसं अंगणात निजेनाशी झाली होती. अशात एका सकाळी मी ऑफिसला निघत असताना कुणीतरी फोनवर एक व्हिडिओ पाठवला. माळ, गवत, धावणारी पोरं, आणि ओरडा, "हाडासुर! हाडासुर!" वरून आमचं हसू जोडलेलं. मला काय आनंद झाला! आपलं लेकरू चारचौघांत नावाजलं गेल्यावर बापाला होईल तसा. मी पुढचं बघितलंच नाही. तिथल्या तिथं तो साळवेबाईंना पाठवून दिला आणि खाली लिहिलं, 'बाई, आपला हाडासुर गावोगाव पोचला!' पुढं हात जोडलेले दोन, आणि एक अंगठा.

मग बसमध्ये बसून मी तो पूर्ण बघितला.

त्यातलं सगळं सांगत नाही. दगड होते, काठ्या होत्या. तरसाची ती मादी आयाळ उभी करून खाणीच्या तोंडाशी उभी होती. आत पळत नव्हती, बाहेरही पळत नव्हती. तिच्या तोंडातून आवाज येत नव्हता. हसत होतो आम्ही.

पाठवलेलं पुसून टाकावं म्हणून मी घाईघाईनं फोन दाबत सुटलो, तोवर दोन खुणा निळ्या झाल्या होत्या. लगेच फोन वाजला. मी बसच्या सीटवर अक्षरशः गुडघे पोटाशी घेतले.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी माझं नावही घेतलं नाही. फक्त म्हणाल्या, "दूध होतं रे तिला. नीट बघ. म्हणून ती पळाली नाही. पिल्लं आत आहेत. गाडी घेऊन ये."

मित्राची गाडी घेऊन मी केडगावला पोचलो तेव्हा बाई फाटकाशी छत्री घेऊन उभ्याच होत्या. न्हावरं मागं पडलं. मग त्याच म्हणाल्या, "तोंड मी दिलं तुला. हसू तू दिलंस. जागा कुणी दिली?"

"मी, बाई. म्हणजे टाकी दिसत होती मागं."

"हं."

खाणीवर आबा होते. तिला त्यांनी धोतराच्या जुन्या पानानं झाकलं होतं. आजूबाजूला बिस्किटांचे कागद, एक तुटकी चप्पल, आणि खाणीच्या दगडावर लाल रंगात मोठ्या अक्षरांत 'हाडासुर'. माझ्याच गेममधलं अक्षरांचं वळण पोरांनी हुबेहूब उचललं होतं.

"येका घटकंचा उशीर झाला बगा मला," आबा म्हणाले. "मी मोटर चालू कराया गेल्तो." ते माझ्याकडं बघत नव्हते. "आमच्या बापजाद्यांनी मेंढरू गेलं तरी तरसाला दगूड मारला न्हाई. आन् ह्यांचं त्यानं काय खाल्लं व्हतं?"

कपारीच्या आतून बारीक कण्हणं ऐकू आलं. मी आत वाकायला लागलो तर बाईंनी छत्री आडवी घातली. "हात लावायचा नाही. वनखात्याची माणसं येतायत. आपण फक्त सावली धरायची." ऊन कपारीच्या तोंडात सरळ शिरत होतं. बाईंनी छत्री उघडली, मातीत बसल्या आणि तोंडाशी धरून ठेवली. इतक्या वर्षांत ती छत्री पूर्ण उघडलेली मी प्रथमच बघत होतो. आतून तिला तीन ठिकाणी टाके घातलेले होते.

दुपारी एक पोरगा आला. विशी-बाविशीचा, अंगात कंपनीचा निळा शर्ट, एका पायात चप्पल. दुसरी न्यायला आला होता. आम्हाला बघून थबकला. मला फार बरं वाटलं. आता ओरडायला कुणीतरी मिळालं होतं. मी तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, "जेवलास का?"

पोरगा गडबडला. "न्हाई… रातपाळी करून आलोय."

बाईंनी पिशवीतला डबा त्याच्यापुढं सारला. तो खाली बसला, पण डब्याला हात लावेना. मग आपणहून बोलू लागला. "बिबट्या वाटला वो आधी. लई भ्यालो. मंग कुणीतरी म्हणलं, आरं, हाडासुर हाय ह्यो! आन् भ्याच गेलं. खेळच वाटाय लागला बगा."

बाईंनी डोळे मिटले. आबांनी तोंड फिरवलं.

"तुम्ही पेपरवाले का?" पोरानं मला विचारलं. "काय करता?"

बाईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. वाट बघत होत्या.

"कंप्युटरमध्ये आहे," मी म्हणालो.

बाईंनी मान परत छत्रीकडं वळवली.

वनखात्याची माणसं आली, त्यांनी हातमोजे घालून दोन पिल्लं काढली. डोळे नुकते उघडलेले, पट्टे अंगापेक्षा मोठे. दोन्ही मिळून बाईंच्या स्वेटरमध्ये मावली. तो स्वेटर त्यांनी टोपलीत घालायला दिला, परत मागितला नाही. त्यातलं एक पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. दुसरं जगलं, जनावरांच्या एका दवाखान्यात वाढतंय असं कळलं.

मी ऑफिसात हसू काढून टाकायची विनंती केली. साहेब म्हणाले, हसूच तर विकलं जातंय. मी राजीनामा दिला नाही. दिला असता तर ही गोष्ट सांगायला जास्त शोभली असती.

त्यानंतर बाईंना मी एकदाच पाहिलं. केडगाव स्टेशनवर, दौंडकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत त्या बाकड्यावर बसल्या होत्या. भाचीकडं चालल्या होत्या, डोळ्याचं ऑपरेशन होतं. अंगात स्वेटर नव्हता, त्यामुळं अर्ध्या झाल्यासारख्या दिसत होत्या. ऑपरेशन चांगलं झालं, पण दोन महिन्यांनी भाचीच्या घरीच त्या वारल्या, ते मला उशिरा कळलं. त्या दिवशी मात्र मी त्यांची पिशवी धरून शेजारी उभा होतो.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक सात-आठ वर्षांची मुलगी आईच्या फोनवर खेळत होती. एकदम हसू घुमलं. आमचं. माझ्या हातातली पिशवी निसटली. मी उचलायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

बाई मात्र मुलीकडं सरकल्या. "कोण गं हा?"

"हाडासुर."

"खातो काय?"

"पोरं खातो." मुलगी फोनवरून नजर काढत नव्हती.

"रोज? मग आतापर्यंत पोरं संपली नाहीत का गं?"

मुलीनं पहिल्यांदा वर बघितलं. हा हिशेब तिनं केला नव्हता.

"आणि पिल्लं कुठं ठेवतो?"

"त्याला पिल्लं न्हाईत. त्यो बॉस हाय."

"भितो कुणाला?"

"तुम्हीच सांगा," मुलगी म्हणाली. तेवढ्यात दौंडची गाडी आली. बाई उठल्या, पिशवी घेतली, आणि छत्रीचं टोक थेट माझ्या छातीवर टेकवलं. "मला नाही माहीत," त्या मुलीला म्हणाल्या. "ह्या काकांना विचार. त्यांनीच केलाय तो." आणि माझ्याकडं वळून, अगदी वर्गातल्या आवाजात, "खवल्या, गोल होऊ नकोस."

त्या डब्यात चढल्या. खिडकीत बसल्या तेव्हा त्यांचा चेहरा जाळीआड गेला होता, नुसती छत्रीची वाकडी मूठ गजाला अडकवलेली दिसत होती. गाडी हलली, मूठ पुढं पुढं जाऊ लागली.

मुलगी फोन हातात धरून माझ्यापुढं उभी राहिली. "खरंच तुम्ही केलाय?"

"हो."

"मंग हायत का त्याला पिल्लं?"

"दोन होती," मी म्हणालो. "आता एक आहे."

फोनमधला हाडासुर हसत होता, तिनं त्याचा आवाज बारीक केला. "आन् त्ये पिल्लू भितं कुणाला?"

मूठ आता ठिपक्याएवढी झाली होती.

"मला," मी म्हणालो.

मुलीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. सुटलेलं पोट, चष्मा, पायात ऑफिसचे बूट. मग ती खुदकन हसली आणि आईकडं पळाली. तिला ते खरं वाटलं नाही.